हात पोचत नाही तिथे

आमच्या घरात ‘पित्त’ या एका शब्दात अर्धं वैद्यकशास्त्र भागायचं. डोकं दुखलं, पित्त. रिकाम्या पोटी चहा घेऊन मळमळलं, पित्त. अंगावर लालसर गांधी उठून खाजायला लागलं, तेही पित्तच. मी कोणावर चिडले तरी आई म्हणायची, “खवळला हिचा पित्त.” हे शेवटचं निदान मात्र बहुतेक वेळा बरोबर असायचं.

आणि गंमत अशी की माझी नोकरीही पित्ताचीच. परळच्या एका इस्पितळाला लागून असलेल्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं तंत्रज्ञ आहे. लालबागच्या आमच्या खोलीपासून ती चालत वीस मिनिटांवर. यकृतात तयार होणारं पित्त ज्या बारीक नळ्यांमधून वाहत आतड्यात येतं, त्या पित्तनलिकांच्या आजारांवर आमच्या मॅडमचं संशोधन चालतं. पेशंटचं रक्त आमच्याकडे येतं, कधी खुद्द पित्तही येतं, आणि त्यातून मायक्रोआरएनए वेगळे करणं हे माझं काम. हातमोजे घालायचे, सगळं बर्फात ठेवायचं, आणि उघड्या बोटाचा स्पर्श कशालाही होऊ द्यायचा नाही. माणसाच्या कातडीवर आरएनए कुरतडून टाकणारी रसायनं असतात. एक बोट लागलं तरी दिवसभराची मेहनत पाण्यात जाऊ शकते.

मायक्रोआरएनए म्हणजे काय, हे आईला समजावताना माझी पुरेवाट झाली होती. आई शिकली सातवीपर्यंत, पण इस्पितळाबाबत तिला कोणी शिकवायची सोय नव्हती. ती स्वतः एका मोठ्या इस्पितळात मेडिसिनच्या वॉर्डात तीस वर्षं आया होती. तिथे आयांना सगळे मावशी म्हणतात, आणि आई इतकी वर्षं मावशी होती की बाजारात कोणी मावशी अशी हाक मारली की ती बेडपॅन मागतायत की काय अशा घाईने वळायची.

मी तिला सांगितलं, की आपल्या पेशीत कामाचे हुकूम सुटतात. अमुक प्रथिन बनवा, तमुक बनवा. हे हुकूम म्हणजे आरएनएच्या लांबलचक चिठ्ठ्या. मायक्रोआरएनए हा त्याच जातीचा एक चिमुकला तुकडा, वीस-बावीस अक्षरांचा. तो स्वतः काहीच बनवत नाही. तो फक्त जाऊन एखाद्या चिठ्ठीला चिकटतो, आणि मग ती चिठ्ठी कोणी वाचत नाही. हुकूम सुटलेला असतो, पण काम होत नाही.

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “म्हणजे आमच्या वॉर्डातलो तो शिपाय.”

“कोण?”

“होतो एक. डॉक्टर चिठ्ठी लिहीत, सिस्टर सही करीत, आणि ह्यो मेलो चिठ्ठी खिशात घालून तंबाखू मळीत बसलेलो. मग स्टोअरातून औषध येतला खयसून? आणि कागदावर बघशीत तर कोणाची चूक नाय.”

मी दुसऱ्या दिवशी हे मॅडमना सांगितलं. मॅडम कडक, हसणं मोजून मापून. पण त्या दिवशी त्या हसल्या, आणि म्हणाल्या, “तुझ्या आईला सांग, चांगला शिपाईही असतो. नको ती चिठ्ठी वेळेवर अडवणारा. तो नसेल तरी वॉर्ड कोसळेल.” आईला हे पटलं नाही. तिच्या तीस वर्षांत तिने असा शिपाई पाहिला नव्हता.

बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. मी लग्न केलं नाही. का, ते सांगायला मला कोणाची चोरी नाही, पण इथे त्याचं काम नाही. आई निवृत्त झाली, तिला दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा तिला खाज सुटू लागली. आधी तळहाताला, तळपायाला, मग दंडांना, पाठीला. दिवसा कमी, संध्याकाळ झाली की जास्त. “पित्त उठलाहा गो,” ती म्हणाली, आणि आम्ही दोघींनी विनातक्रार ते मान्य केलं.

पित्त उठलं की कोकणातल्या कुठल्याही घरात काय करतात, हे सांगायला नको. गावाहून आलेली आमसुलं बरणीत होतीच. मी कामावरून येण्याआधी आई वाटीभर पाण्यात चार-पाच आमसुलं भिजत घालून ठेवायची. मी साडेसहाला घरी येई, हातपाय धुई, चहा घेई आणि तिच्यामागे स्टुलावर बसून गाऊनच्या गळ्यातून हात आत घालून तिच्या पाठीला ते पाणी चोळी. ती टीव्हीकडे तोंड करून बसलेली असे. पंधरा मिनिटं, कधी वीस. तिच्या सगळ्या गाऊनना गळ्याशी जांभळट डाग पडले होते.

एकदा मी म्हटलंही, “आई, हातावर गांधी दिसत नाहीत गं कुठे.”

“आतल्या आत हा पित्त,” ती म्हणाली.

पाठीला हात लावला की बोटांना खरखरीत लागायचं. त्या गांधीच असणार, असं मी धरून चालले. बोटांना जे कळत नव्हतं ते मी मनाने भरून काढलं. असे आठ-नऊ महिने गेले. आई थकायला लागली होती, दुपारी आडवी व्हायची, जी बाई तीस वर्षांत दुपारी कधी आडवी झाली नव्हती. मी म्हटलं, वय झालं.

इथे मला एक गोष्ट कबूल करायलाच हवी, कारण ती लपवली तर बाकीच्या लिहिण्याला अर्थ नाही. आमच्या संशोधनात भाग घेणाऱ्या पेशंटना एक माहितीपत्रक देतात. ते मराठीत मी केलं होतं. त्यात ‘पित्त’ हा शब्द ठेवायचा की नाही, यावर मी मॅडमशी चक्क भांडले होते. मी म्हटलं होतं, मॅडम, आपल्या लोकांना पित्त म्हटलं की अॅसिडिटी आठवते नाहीतर अंगावरच्या गांधी आठवतात, ते आमसूल लावून घरी बसतील. आपण ‘पित्तरस’ लिहू. मॅडमनी मानलं. लक्षणांच्या यादीत पहिलीच ओळ मी माझ्या हाताने लिहिली होती: अंगावर पुरळ किंवा गांधी नसताना सतत खाज येणे.

म्हणजे लोकांनी कोणती चूक करू नये हे मी छापून वाटत होते, आणि संध्याकाळी घरी येऊन तीच चूक वाटीत भिजत घातलेली असायची.

उलगडा झाला तो हिंदमाताला, साडीच्या दुकानात. आईच्या वॉर्डातली एक जुनी मैत्रीण निवृत्त होणार होती, तिच्या निरोपाला आईला नवी साडी हवी होती. साडी मिळाली, त्यावर तयार ब्लाउजही मिळाला, पण त्याचे हुक मागे होते. आईने ट्रायल रूमच्या पडद्यातून डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “गो, आत ये. माझो हात पोचणा नाय.”

आत तिन्ही बाजूंना आरसे आणि डोक्यावर पांढऱ्याफटक ट्यूब. आमच्या खोलीत एवढा उजेड कधी नसतो. आईची पाठ मी किती वर्षांनी पाहिली कोण जाणे. रोज हात लावत होते, पाहिली नव्हती.

दोन्ही खांद्यांवर, बरगड्यांवर, कमरेच्या वर नखांचे ओरखडे होते. काही ताजे लाल, काही सुकून काळे पडलेले. आणि दोन खांद्यांच्या मधोमध एक जागा अगदी स्वच्छ होती. एक ओरखडा नाही, एक डाग नाही. जिथे तिचे हात पोचत नव्हते तेवढीच ती जागा. ही खूण मी मॅडमच्या स्लाइडवर पाहिली होती. पुस्तकात तिला फुलपाखरू म्हणतात, कारण आकार तसा दिसतो. कातडीचा आजार असता तर तो मधेही दिसला असता. कातडीला काही झालेलं नव्हतं. जे होतं ते नखांचं होतं, आणि खाज आतून येत होती.

“आई, इथे मधे खाजत नाही?” मी विचारलं. 

“खाजता तर. सगळ्यात जास्ती थयच खाजता. पण हात खय पोचता?” आणि मग आरशातून माझ्याकडे बघून म्हणाली, “तू चोळतंस ता बरा वाटता.”

मी हुक लावले. शेवटचा हुक लागेना. आई म्हणाली, “काय झाला? घट्ट होता काय?” मी म्हटलं, घट्ट नाही, छान बसलाय. साडी घेतली, ब्लाउज घेतला, आईने खाली उतरल्यावर रस्त्यावर उभं राहून उसाचा रसही घेतला. मी नुसती तिच्या डोळ्यांत पिवळेपणा आहे का ते बघत होते. नव्हता. त्या दिवशी मला देवाचं नाव पुष्कळ वेळा आठवलं, एरवी माझा आणि त्याचा फारसा संबंध नसतो.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन ओपीडीत गेले. आई नवी साडी नेसून आली होती. आत गेल्यावर ती सवयीने तपासणीच्या टेबलाशेजारी उभी राहिली, पेशंटला धरायला उभी राहतात तशी. डॉक्टर तरुण होत्या. त्या म्हणाल्या, “मावशी, पेशंटला घ्या ना आत.”

“पेशंट मीच,” आई म्हणाली, आणि तिचा चेहरा असा पडला की मला दुसरीकडे बघावं लागलं.

रक्ताचे रिपोर्ट आले, सोनोग्राफी झाली, यकृत किती कडक झालंय ते पाहायचं यंत्रही लावून झालं. आजाराला एक भलंमोठं नाव आहे, प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस. यकृताच्या आतल्या बारीक पित्तनलिकांवर शरीराची संरक्षक यंत्रणाच चालून जाते, नळ्या हळूहळू नष्ट होतात, पित्त साठतं, आणि वेळीच आवरलं नाही तर यकृत निकामी होतं. बहुतेक बायकांनाच होतो, तोही मध्यम वयानंतर. डॉक्टर म्हणाल्या, “आधी आला असता तर जास्त बरं झालं असतं. पण फार उशीर झालाय असंही नाही. गोळ्या सुरू करू. एका वर्षाने रिपोर्ट बघून कळेल, औषध लागू पडतंय की नाही. नाही पडलं तर पुढचा विचार करावा लागेल.”

पुढचा विचार म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही. ते मला ठाऊक होतं: यकृत बदलणं. त्या पुढच्या विचारातल्या पेशंटच्याच रक्ताच्या नळ्या माझ्या फ्रीझरमध्ये ओळीने लावलेल्या होत्या.

प्रयोगशाळेत जाऊन मी मॅडमसमोर बसले आणि रडले. कधी रडत नाही, म्हणून वाईट रडले. मॅडम म्हणाल्या, “तुला बाहेरच्या कोणी विचारलं असतं, पुरळ नाही आणि खाज आहे, तर तू काय सांगितलं असतंस?”

“लिव्हर तपासा म्हटलं असतं.”

“मग?”

“मॅडम, ती खाज म्हणालीच नाही. पित्त म्हणाली.”

 मॅडमनी मला चहा सांगितला आणि दुपारपर्यंत दुसरं काम दिलं नाही. त्यांच्यापरीने ते फार होतं.

मग आईचं औषधपाणी सुरू झालं. मूळ आजाराच्या गोळ्या वेगळ्या, खाजेसाठी संत्र्याच्या चवीची पावडर वेगळी. दोन्हींमध्ये निदान चार तासांचं अंतर हवं, नाहीतर पावडर गोळीलाच शोषून घेते. आईने भिंतीवर कागद चिकटवला, वॉर्डातल्यासारख्या वेळा लिहिल्या आणि प्रत्येक डोसपुढे खूण करू लागली. मी एकदा गोळी हातात दिली तर म्हणाली, “आधी नाव वाचून दाखव. असा कोणाच्या हातचा घ्यायचा नसता.”

आमसुलं बरणीत परत गेली. संध्याकाळी मी आता खोबरेल तेल कोमट करून तिच्या पाठीला लावायची. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, कातडी कोरडी पडू देऊ नका. आता मी खोलीतला मोठा दिवा लावून बसायची.

तिनेच एकदा विचारलं, तुझ्या त्या शिपायाचं माझ्या दुखण्यात काय काम. मी सांगितलं तेवढं तिला कळलं, किंवा मला वाटलं की कळलं. पित्त जहाल असतं. ज्या नळ्यांमधून ते वाहतं त्यांच्या आतल्या पेशी स्वतःभोवती सोड्यासारखा एक पातळ थर धरून असतात, पित्त त्यांना भाजू नये म्हणून. तो थर धरायला पेशीत एक पंप असतो. या आजारात त्या पेशींमध्ये एक मायक्रोआरएनए नको तितका वाढलेला दिसतो, आणि तो नेमकी त्या पंपाची चिठ्ठी अडवतो. पंप कमी पडतो, थर विरतो, आणि आपलंच पित्त आपल्या नळीला लागतं. ही सगळी गोष्ट नाही, आजाराला कारणं आणखीही असतात. पण आम्ही त्या एका धाग्याच्या मागे आहोत.

“मग त्याच्या खिशातसून चिठ्ठी काढून घ्या की.”

“तेच तर करायचंय आई.”

“कधी होतला?”

“माहीत नाही. वर्षं लागतील. कदाचित होणारही नाही.”

“होऊ दे सावकाश,” ती म्हणाली. “माका नाय तर दुसऱ्या कोणाक तरी.”

तिने आमच्या अभ्यासासाठी रक्त द्यायचं ठरवलं, मी न सांगता. मॅडमनी मला बजावलं, ती नळी तुझ्या हाताने नोंदायची नाही, कोणता क्रमांक तिचा ते तुला कळणार नाही. बरोबरच होतं ते. संमती घेताना आईला माहितीपत्रक दिलं गेलं. तिने चष्मा लावून पहिल्यापासून वाचायला घेतलं. लक्षणांपाशी आली, ओठ हलवत वाचलं, ‘अंगावर पुरळ किंवा गांधी नसताना सतत खाज येणे’, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“ह्या कोणी लिवला?”

“मी.”

ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मी तिच्यावर उखडले, “हसतेस काय? यात हसण्यासारखं काय आहे?” तर तिला आणखीनच हसू आलं. शेवटी सही करताना म्हणाली, “मराठी चांगला लिवलाहस.”

त्यानंतर पुष्कळ दिवस माझं काम फार चांगलं झालं, याचं कारण मात्र कौतुकाचं नव्हतं. नमुने तपासायच्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये शहाण्णव खळगे असतात. त्यातला एखादा आईचा असेल, कोणता ते मला माहीत नव्हतं. मग मी प्रत्येक खळग्यात तो थेंब तिचाच असल्यासारखा सोडायला लागले. कुठली तरी दुसरी आई, कुठला तरी नायगावचा पोलीस, कॉटन ग्रीनच्या गोदामातला एखादा हमाल, सगळ्यांना त्याचा फायदा झाला.

पण खाज काही जात नव्हती. मी रोज विचारायची, “आज कशी आहे?” आणि आई म्हणायची, “हा की थोडी.” मॅडमनी मला समजावलं होतं, खाज आणि आजार हातात हात घालून चालतातच असं नाही. खाज राहिली म्हणजे औषध लागू पडत नाही असा अर्थ काढू नकोस. डोक्याला ते कळत होतं. पण रोज संध्याकाळी ‘हा की थोडी’ ऐकलं की मी जुने रिपोर्ट काढून पुन्हा वाचत बसायची. वर्ष संपत आलं तसतशी मला त्या रिपोर्टची धास्ती वाटू लागली. तेल लावताना मी मनात म्हणायची, हिला घेऊन जाऊ नकोस. कोणाला म्हणायची ते माहीत नाही.

पाठीवरचे ओरखडे पुसट होत चालले होते. मी ते बघितलंही. “नखा कापलंय ना,” आई म्हणाली, आणि मला ते पटलं. इतक्या उजेडात बसून, इतकं होऊन गेल्यावर, मी पुन्हा तिच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि तिच्या पाठीवर नाही.

वर्षाचा रिपोर्ट घेऊन आम्ही ओपीडीत गेलो. डॉक्टरांनी कागद उलटसुलट पाहिले. मी त्यांच्या भुवया बघत होते.

“छान,” त्या म्हणाल्या. “खूप छान. आकडे जवळजवळ नॉर्मलवर आलेत. औषध मस्त लागू पडलंय, मावशी.”

मी ते आकडे स्वतः वाचायला कागद माझ्याकडे ओढला.

“आणि खाज?” डॉक्टरांनी विचारलं.

“हा की थोडी,” आई म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “पावडर नीट घेता ना? तरीही? मग आपण एक कॅप्सूल घालू या. लाल असते, टीबीमध्ये देतात तीच, पण कमी डोस. खाजेला चांगली चालते. फक्त ती लिव्हरला कधीकधी त्रास देते, तेव्हा वरचेवर रक्त तपासावं लागेल.” त्यांनी चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली.

बाहेर औषधाच्या खिडकीपाशी रांग होती. आई बाकावर बसली. मी रांगेत लागणार तेवढ्यात तिने माझी ओढणी धरून मला खाली ओढलं.

“ती लाल गोळी नको.”

“अगं, कमी डोस आहे.”

“माका ठावक हा ती गोळी. लघवी केशरी होता तेनी. तीस वर्षां भांडी उचललंय मी. लिव्हर बिघडलेले पेशंट पण बघितलंय तेच्यान.”

“मग खाज कशी जाणार तुझी?”

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, “खाज नाय माका.”

“काय?”

“नाय. गणपतीपासून नाय. पावडर सुरू केल्यावर कमी कमी होत गेली.”

माझं पित्त खवळलं. अगदी तिच्या भाषेतलं. वर्षभर मी कशाकशाची भीती घेऊन झोपत होते, ते सगळं एकदम वर आलं. “म्हणजे तू डॉक्टरांशी खोटं बोललीस? माझ्याशी रोज? तुला कळतंय का, ती गोळी तू घेतली असतीस तर? कशासाठी, आई? कशासाठी?” बाकावरचे लोक वळून बघायला लागले.

“गेली म्हटला असता,” आई हळू म्हणाली, “तर तू कित्याक बसतलंस माझ्या पाठी?”

मी हातातल्या चिठ्ठीची घडी घालायला लागले.

“तीस वर्षां मी लोकांच्या पाठी केलंय,” ती म्हणाली. “पडून ऱ्हवलेल्या माणसाची पाठ नाय केली तर सडता. कूस बदलूची, पुसूची, स्पिरिट लावूचा, पावडर लावूची. किती पाठी केलंय, देवाक ठावक. माझ्या पाठीर कोणी हात फिरवल्यानीत? तुझे बाबा चांगले होते, पण ते कामावरून येवन पेपर वाचीत.” मग माझी ओढणी सोडून, “तू आमसूल चोळूक लागलंस तेव्हा खाज थांबत नव्हती. पण माका बरा वाटा. पंधरा मिनटां तरी तू माझ्याकडे असंस. नायतर तू येतंस, जेवतंस, फोन बघतंस, झोपतंस.”

त्यात एक शब्द खोटा नव्हता. दिवसभर मी ज्या कामात होते तिथे उघडा हात कशालाही लावायचा नसतो, आणि ती सवय मी घरीही घेऊन येत होते. आजाराने मला आईपाशी आणून बसवलं होतं, आणि आजार बरा होतोय म्हणून तिला भीती वाटत होती. मी तिच्या शेजारी बाकावर बसले. ओरडण्याची लाज वाटत होती, आणि त्याच वेळी इतका आनंद होत होता की पाय जमिनीवर ठरत नव्हते. आई वाचली होती. हे वाक्य मी मनात तीन-चार वेळा म्हणून पाहिलं.

चिठ्ठी घेऊन आम्ही परत आत गेलो. आईने तोंड उघडायच्या आधी मी म्हटलं, “डॉक्टर, खाज गेली आहे तिची. माझ्या सांगण्यात गडबड झाली.” डॉक्टरांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, लाल कॅप्सूलवर रेघ मारली आणि म्हणाल्या, “असं असेल तर फारच उत्तम.”

घरी येताना आई माझ्या दोन पावलं पुढे चालत होती. मसाल्याच्या दुकानांवरून जाताना दोघींना शिंका आल्या, तेवढाच आवाज. जिना चढताना तिने माझा हात धरला नाही, कठडा धरला.

संध्याकाळी मी हातपाय धुऊन आले तर टीव्ही लावलेला नव्हता. तेलाची वाटी फडताळात आत सरकवून ठेवलेली होती. आई खाटेवर बसली होती, पाठ भिंतीला घट्ट टेकवून, गाऊनची चेन गळ्यापर्यंत ओढून. मी फोन बंद केला, वाटी काढली, तेल कोमट केलं आणि स्टूल ओढून तिच्यासमोर उभी राहिले.

“खाज नाय गो आता,” ती म्हणाली.

“माहीत आहे,” मी म्हटलं. “पाठ कर इकडे.”